किल्ली कोणाच्या कनवटीला?

जुन्या पेढीवर मालक बसत असे आणि त्याच्या शेजारी दिवाणजी. रोजकीर्द लिहावयाची ती दिवाणजींनी, खतावणी घालावयाची तीही त्यांनीच आणि उधारीचे तगादे लावावयाचे तेही त्यांनीच. मालकाला कित्येकदा चार आकडे धड मांडताही येत नसत. परंतु दिवेलागणीला शिल्लक मोजण्याची वेळ आली म्हणजे तो स्वतः पुढे होई आणि तिजोरीची किल्ली त्याच्याच कनवटीला राही. काम दुसऱ्याकडे सोपविता येते, जोखीम सोपविता येत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नसे.

पुढे चोपड्या जाऊन संगणक आले, आणि आता संगणकातील हिशेबही घराबाहेर गेले आहेत. यंत्रे सांभाळणारे लोक बाहेरचे, सॉफ्टवेअर भाड्याचे आणि ज्या संगणकावर सारी माहिती साठविलेली असते तो दूरच्या एखाद्या शहरात. अशा वेळी व्यावसायिकाने निवड कशी करावी आणि किल्ली कोणाकडे ठेवावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणासाठी बेळगावच्या उद्यमबागेतील एखादी फाउंड्री डोळ्यांपुढे आणावी. पन्नास-साठ कामगार, वर्षाची उलाढाल सहा-सात कोटी रुपये. पाच कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्याला, ऑगस्ट २०२३ पासून, दुसऱ्या व्यापाऱ्यास माल पाठविताना सरकारी यंत्रणेत नोंदलेले ई-बिल काढावे लागते. त्यावाचून ते बिल बिलच धरले जात नाही. वीस तारीख जवळ आली की जीएसटीचे विवरणपत्र आलेच. हजेरी, पगारपत्रक, कास्टिंगची रेखाचित्रे, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी, सारे काही संगणकात. संगणक एक दिवस रुसला तर माल भरलेला ट्रक फाटकातच उभा राहावयाचा.

अशा कारखान्याला संगणकाचा जाणकार कायम पगारावर ठेवणे परवडत नाही. ठेवला तरी एकच माणूस, आणि तो रजेवर गेला की पुन्हा अडचण तीच. तेव्हा हे काम बाहेर देणे हा शहाणपणाचाच मार्ग होय. मात्र बाहेर द्यावयाच्या गोष्टी दोन आहेत, आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिली देखभालीची. संगणक, प्रिंटर, जाळे, ईमेल यांत बिघाड झाला तर धावून येणारी संस्था वार्षिक कराराने नेमावयाची. दुसरी क्लाऊड सॉफ्टवेअरची. यात सॉफ्टवेअर विकत घ्यावयाचे नाही, माणशी दरमहा वर्गणी द्यावयाची. ते चालते पुरवठादाराच्या संगणकांवर आणि आपल्यापर्यंत पोहोचते इंटरनेटमधून. नाव मेघाचे असले तरी त्यात अधांतरी असे काही नाही. कोठे तरी पक्क्या इमारतीत, विजेवर आणि थंड हवेत चालणारी ती यंत्रेच आहेत. ॲमेझॉनने २००६ साली आपल्या संगणकांवरील जागा व गणनशक्ती अशी भाड्याने द्यावयास आरंभ केला आणि हा व्यवसाय जगभर फोफावला.

त्याचे फायदे खरे आहेत. एकरकमी भांडवल अडकत नाही. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या जाणकार लोक वेळच्या वेळी करतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या बाजारपेठांत पुराचे पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरची चोपडी काय आणि संगणक काय, दोहोंना धोका सारखाच होता. दूर ठेवलेल्या हिशेबाला तो नव्हता. म्हणून क्लाऊडला नाके मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो निवडीचा.

ही निवड बहुधा कशी होते? तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवितात, एक-दोन प्रात्यक्षिके पाहतात आणि ज्याचा दर कमी त्याला होकार देतात. दर पाहू नये असे कोणीच म्हणणार नाही. परंतु दरपत्रकात सोबत सुरू कशी होईल एवढेच लिहिलेले असते. ती संपेल कशी, हे लिहिलेले नसते. सुज्ञाने पहिला प्रश्न तोच विचारावा : उद्या फारकत घ्यावयाची ठरली, तर आमची माहिती आम्हांला कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती खर्चात परत मिळेल?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेत निर्वाणिक्स नावाची माहिती साठविणारी कंपनी होती. सप्टेंबर २०१३ मध्ये ती बंद होत असल्याचे ग्राहकांना कळले, आणि आपली माहिती हलविण्यासाठी हाती उरले ते केवळ काही आठवडे. त्याच वर्षीच्या जानेवारीत इंग्लंडमधील टू-ई-टू ही संगणकसेवा देणारी कंपनी बुडाली. यंत्रे चालू ठेवावयाची तर विजेचे व नोकरांचे पैसे कोणी द्यावयाचे? प्रशासकांनी ते ग्राहकांकडेच मागितले. मोठ्यांकडून प्रत्येकी ४०,००० पौंड, लहानांकडून ४,०००. माहिती ग्राहकांची, पण ती हाती येण्यासाठी पैसे पुन्हा त्यांनीच मोजावयाचे, असा तो प्रसंग होता.

पुरवठादार भक्कम असला म्हणजे निश्चिंती, असेही नाही. गुजरातेत वाडीनार येथे नायरा एनर्जीचा मोठा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. त्या कंपनीत रशियन भांडवल असल्यामुळे युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले, आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. पुरे पैसे भरून परवाने घेतले असताना आपल्याच माहितीपर्यंत आपल्याला पोहोचता येत नाही, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या कारखान्याची ही स्थिती, तर उद्यमबागेतील फाउंड्रीने करारातील परतीचे कलम किती बारकाईने वाचावे! युरोपीय संघाने तर यासाठी कायदाच केला आहे. सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या त्या डेटा कायद्यान्वये एका क्लाऊडवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या ग्राहकाची अडवणूक करता येत नाही.

दुसरा प्रश्न प्रतीचा. पुरवठादार छातीवर हात ठेवून सांगतो, बॅकअप रोज घेतला जातो. मालकाने विचारावे, तो कोठे ठेवला जातो? मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या माहितीकेंद्राला आग लागून एक पाच मजली इमारत भस्मसात झाली. ज्यांची मूळ माहिती आणि तिची प्रत एकाच आवारात होती, अशा कित्येकांचे दोन्ही एकाच रात्री गेले. उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे. मे २०२४ मध्ये त्याची गूगल क्लाऊडवरील एक मांडणी चुकून पुसली गेली. आरंभी व्यवस्था लावताना एक रकाना मोकळा राहिला होता आणि त्यापायी वर्ष संपताच यंत्रणेने ती आपोआप काढून टाकली. सहा लाखांहून अधिक सभासदांना कित्येक दिवस आपले खाते पाहता आले नाही. परंतु निधीने दुसऱ्या एका पुरवठादाराकडेही प्रती ठेवल्या होत्या. त्यांच्या साहाय्याने गाडी पुन्हा रुळावर आली.

फाउंड्रीसाठी यातील धडा साधा आहे. हिशेबाची एक प्रत आठवड्यातून एकदा तरी स्वतःच्या ताब्यातील डिस्कवर उतरवून घ्यावी आणि ती डिस्क संगणकाला जोडलेली न ठेवता वेगळ्या जागी कुलपात ठेवावी. आणि वर्षातून दोनदा ती प्रत खरोखरच उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न वाजविलेले नाणे. ते खरे की खोटे, हे गरजेच्या दिवशी कळून उपयोग नाही.

तिसरा प्रश्न किल्लीचा, आणि तो सर्वांत नाजूक. कारखान्याच्या ईमेलचा व संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावावर नोंदलेले आहे? मुख्य पासवर्ड कोणाजवळ आहे? देखभाल करणाऱ्या तरुणाने सोयीसाठी ते स्वतःच्या नावावर नोंदविले आणि पुढे तो नोकरी सोडून गेला, तर मालकाला आपल्याच दाराशी ताटकळत उभे राहावे लागते. डोमेन, वर्गणी आणि मुख्य खाते ही तिन्ही व्यवसायाच्याच नावावर हवीत. देखभाल करणाऱ्याला कामापुरता स्वतंत्र प्रवेश द्यावा, त्यावर दुहेरी पडताळणी असावी आणि करार संपताच तो त्याच दिवशी बंद व्हावा.

या किल्लीची किंमत कोड स्पेसेस या कंपनीला जून २०१४ मध्ये कळली. चोरट्याने तिच्या क्लाऊडच्या नियंत्रण-कक्षात शिरकाव करून खंडणी मागितली आणि मालकांनी ताबा परत घेण्याची खटपट करताच मूळ माहिती व बॅकअप दोन्ही पुसून टाकले. कंपनीला व्यवहार गुंडाळावा लागला. बॅकअप होता, परंतु त्याची व तिजोरीची किल्ली एकच होती.

देखभाल करणाऱ्याच्या हातात अनेक घरांच्या किल्ल्या असतात, ही त्यातील दुसरी भीती. जुलै २०२१ मध्ये कसेया कंपनीच्या देखभालीच्या सॉफ्टवेअरमधूनच चोरटे शिरले आणि ज्यांनी त्या कंपनीचे नावही ऐकले नसेल अशा शेकडो लहान व्यवसायांचे संगणक कुलूपबंद झाले. स्वीडनमध्ये कोऑप या दुकानसाखळीला आपली बहुतेक दुकाने बंद ठेवावी लागली. आपल्याकडे जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना तांत्रिक सेवा पुरविणाऱ्या सी-एज या कंपनीवर असाच हल्ला झाला, तेव्हा धोका पसरू नये म्हणून सुमारे ३०० बँकांचा देवघेवीच्या राष्ट्रीय जाळ्याशी असलेला संबंध तात्पुरता तोडण्यात आला. म्हणून देखभाल करणाऱ्या संस्थेला निःसंकोचपणे विचारावे : तुमच्या घराला कुलूप कसले आहे?

चौथा प्रश्न शब्दांच्या अर्थाचा. माहितीपत्रकात ‘९९.९ टक्के उपलब्धता’ असे ठळक छापलेले असते. गणित केले तर तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटे बंद, असा त्याचा अर्थ होतो. ९९ टक्के हा आकडाही ऐकायला भरघोस वाटतो. परंतु त्यात महिन्याला सात तासांहून अधिक काळ काम बंद राहू शकते, आणि ते तास वीस तारखेला आले तर? शिवाय वचन मोडले म्हणून मिळणारी भरपाई ही बहुधा पुढील वर्गणीतील सूट असते. फाटकात अडलेल्या मालाची किंमत कोणी देत नाही. देखभालीच्या करारातही ‘दोन तासांत प्रतिसाद’ म्हणजे दोन तासांत फोन उचलला जाईल, एवढेच. यंत्र किती वेळात चालू होईल, तो काळ वेगळा लिहून घ्यावा.

आणि हे सारे सोपवूनही कायद्याच्या दृष्टीने जबाबदार कोण? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने याचे उत्तर स्पष्ट दिले आहे. कामगारांची किंवा ग्राहकांची वैयक्तिक माहिती ज्या व्यवसायाने आपल्या कामासाठी घेतली, तिच्या रक्षणाची जबाबदारी त्याचीच. काम दुसऱ्याकडून करवून घेतले किंवा करारात काही निराळे लिहिले, तरी ती टळत नाही. रक्षणाची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य कर्तव्यांच्या तयारीसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. संगणकावर हल्ला झाल्याचे कळताच सहा तासांच्या आत सर्ट-इन या सरकारी संस्थेला कळविण्याची आज्ञा २०२२ पासून आहे. व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला असेल, तर हिशेबाची प्रत भारतातील सर्व्हरवर रोज ठेवली जावी, असाही नियम त्याच वर्षी झाला. पुरवठादाराला या गोष्टी माहीत आहेत की नाहीत, हे पहिल्या भेटीतच अजमावून पाहावे.

निवडीची परीक्षा घेण्यास पदवी लागत नाही. पुरवठादाराच्या नेटक्या नमुन्यावर प्रात्यक्षिक न पाहता, आपल्या एका महिन्याचा खराखुरा हिशेब, त्यातील परत आलेल्या मालासह आणि अर्धवट भरलेल्या बिलांसह, त्या सॉफ्टवेअरमध्ये घालून पाहावा. मग तो सारा बाहेर काढून मागावा आणि दुसऱ्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो का, ते तपासावे. पुरवठादाराने दिलेल्या चार नावांखेरीज, त्याला सोडून गेलेल्या एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाला गाठून फारकत कशी झाली, ते विचारावे. आणि कारखान्यातील एका विश्वासू माणसाकडे एक वही द्यावी. कोणती सेवा कोणाकडून घेतली, मुदत कधी संपते, प्रवेश कोणाकोणाला आहे, प्रत कोणत्या तारखेला उघडून पाहिली, एवढे त्याने लिहून ठेवावे. संगणकाचे जाणकार बाहेरचे चालतील. ही वही मात्र घरचीच हवी.

हा उपद्व्याप कशासाठी, असे एखाद्या मालकाला वाटेल. दर महिन्याला काही हजारांची वर्गणी, तिच्यासाठी एवढी चौकशी? त्याने भट्टीपाशी उभ्या असलेल्या आपल्या कामगाराचा विचार करावा. त्याचे जादा कामाचे तास, बोनसचा हिशेब, ग्रॅच्युइटीसाठी मोजावयाची नोकरीची वर्षे, हे सारे त्याच संगणकात आहे. त्या कामगाराने करार वाचलेला नसतो, पुरवठादाराचे नावही त्याला ठाऊक नसते. त्याच्या वतीने सही करतो तो मालक. आणि कागदावर सही करण्यापूर्वी वर सांगितलेले चार प्रश्न विचारावयास एक दुपार पुरते.