पहिलीच्या वर्गांतील दिवस

पहिलीच्या वर्गांत काय शिकवितात असें कोणास विचारलें, तर "अक्षरें आणि अंक" असें दोन शब्दांत उत्तर देऊन बहुतेक जण मोकळे होतात. उत्तर खोटें नाहीं; पण तें पुरेंहि नाहीं. सहा वर्षांचें मूल जून महिन्यांत त्या वर्गाच्या उंबरठ्यावर येतें व पुढल्या एप्रिलांत तेथून बाहेर पडतें. तोंडांतून निघून हवेंत विरणारा शब्द कागदावर बांधून ठेवतां येतो, आणि दुसऱ्यानें बांधून ठेवलेला शब्द आपणांस सोडवून घेतां येतो, असा एक विलक्षण शोध तेवढ्या अवधींत त्याला लागतो. पुढील कोणत्याहि इयत्तेंत इतकें मोठें स्थित्यंतर होत नाहीं. तें घडतें कसें, हें त्या वर्गांतील रोजच्या साध्या कामांवरून आज पाहूं.

दिवसाचा आरंभ हजेरीनें होतो. शाळेच्या पटावर ज्याचें नांव तीन शब्दांचें असतें, तें मूल घरीं बाळू, छकुली किंवा नुसतें सोन्या असतें. त्यामुळें पहिल्या आठवड्यांत पुकारा झाला तरी कित्येक मुलें ओ देत नाहींत. चतुर शिक्षिका या अडचणीचाच पाठ करतात. प्रत्येकाच्या नांवाची पुठ्ठ्याची पट्टी करून ती दाराजवळ खिळ्याला टांगतात, आणि आल्याबरोबर आपली पट्टी काढून फळ्याखालीं लावावयाची असा नियम घालून देतात. चारआठ दिवसांत मूल स्वतःची पट्टी ओळखूं लागतें, नंतर शेजाऱ्याची. अद्याप त्याला एकहि अक्षर शिकविलेलें नसतें. तरी वाचन सुरू झालेलें असतें. स्वतःच्या नांवाइतका गोड शब्द त्या वयांत दुसरा नाहीं. मोठ्या वयांतहि फारसा नसतो, पण तें असो.

पूर्वींच्या पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर बोटानें अक्षर गिरवीत. ओनामा झाला कीं मुळाक्षरें, मग बाराखड्या, मग जोडाक्षरें अशी चढण असे. अर्थ असलेला शब्द मुलाच्या हातीं पडेपर्यंत बराच काळ लोटे. या पद्धतीची थट्टा करणें सोपें आहे. परंतु धुळीच्या स्पर्शानें अक्षराचें वळण बोटांत उतरत असे, हा तिचा गुण आजहि घेण्यासारखा आहे, व वाळूच्या ताटांत अक्षर काढावयास लावणाऱ्या शिक्षिका तो घेतातहि. क्रम मात्र बदलला. 'ग म भ न' हा क्रम वर्णमालेचा नव्हे, वळणाचा आहे. चारांच्याहि उजवीकडे उभी रेघ, आणि डावीकडील भाग तेवढा बदलत जाणारा. शिवाय या चारांतून लागलीच शब्द निघतात: मन, गगन, नभ, गमन. पण सहा वर्षांच्या मुलाचा अगदीं स्वतःचा म्हणावा असा शब्द निराळाच आहे, आणि तो म्हणजे 'मग'. गोष्ट ऐकतांना दर वाक्यानंतर तें हाच शब्द उच्चारीत असतें. न्हाणीघरांतला मगहि त्याच्या ओळखीचा असतो. माझ्या मतें पहिला वाचावयाचा शब्द तोच असावा. नभ आणि गमन यांना घाई नाहीं.

खरी कसोटी स्वरचिन्हांपाशीं लागते. काना सोपा, त्याचा उच्चार अक्षरामागून, आणि खूणहि अक्षरामागूनच. परंतु ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं काढावयाची आणि तिचा स्वर मात्र नंतर उच्चारावयाचा, हा न्याय मुलाला पटत नाहीं. 'पिशवी' हा शब्द लिहितांना तें दोन्ही वेलांट्या उजवीकडे देतें. यांत आळस नाहीं कीं मंदपणा नाहीं. कानानें जें ज्या क्रमानें ऐकलें, तें त्या क्रमानें त्यानें मांडलें, इतकेंच. अशा पाटीवर फुली मारण्याऐवजीं 'पि' आणि 'पी' शेजारीं शेजारीं लिहावीं, दोन्ही मोठ्यानें म्हणवून घ्यावीं, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच करावें. मुलाच्या वहींतील असल्या चुका पाहून घरीं रागें भरणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हें ध्यानांत घेतलें, तर पुष्कळ रडणें वांचेल.

अंकांची गोष्ट याहूनहि गुंतागुंतीची आहे. सात चिंचोके पुढें ठेवून मोजावयास सांगितलें, तर मूल एकापासून सातापर्यंत नीट मोजतें, आणि लगेच "एकंदर किती?" असें विचारलें, तर पुन्हां एकापासून मोजूं लागतें. शेवटीं उच्चारलेला 'सात' हा केवळ शेवटच्या चिंचोक्याचें नांव नसून साऱ्या राशीचें माप आहे, हें त्याला अजून उमगावयाचें असतें. तें सांगून समजत नाहीं. मोजून मोजूनच समजतें. त्यानंतर काड्यांचे दहादहाचे गठ्ठे येतात, आणि तेथें आपली भाषाच आडवी येते. लिहितांना दशक आधीं व एकक मागून. बोलतांना मात्र 'एक' आधीं आणि 'वीस' मागून. म्हणून 'एकवीस' ऐकून मूल १२ लिहितें, आणि 'अठरा' ऐकून ८१. एकोणतिसाचें तर विचारूंच नये. तिसांतून एक उणा करण्याची वजाबाकी त्याच्या नांवांतच दडलेली आहे. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस एक', 'वीस दोन' असें संख्यावाचन आलें, तेव्हां महाराष्ट्रभर गदारोळ उठला व विधिमंडळांतहि त्याचे पडसाद उमटले. बाजारांत आणि आजीच्या तोंडीं जो 'एकवीस' चालतो तो टिकला पाहिजे, हें मला मान्य आहे. परंतु त्या वेळीं हंसणाऱ्यांपैकीं किती जणांनीं पहिलीच्या मुलाला गोंधळून १२ लिहितांना पाहिलें होतें? दोन गठ्ठे व एक सुटी काडी हातीं देऊन "वीस आणि एक, एकवीस" असें म्हणवून घेतल्यास भांडणाला जागाच उरत नाहीं.

मधल्या सुटींत खिचडी असते. रांग, पाळी आणि हात धुणें हे तेथील पाठ. त्यांवर एक स्वतंत्र भाषणच करावें लागेल.

आतांपर्यंत मीं असें गृहीत धरलें कीं घरची भाषा हीच पुस्तकाची भाषा आहे. मेळघाटांतील कोरकू, गडचिरोलीकडील गोंडी किंवा माडिया, डहाणूकडील वारली बोलणाऱ्या मुलाची स्थिति तशी नसते. त्याच्यापुढें एकाच वेळीं दोन ओझीं येतात. अक्षर नवें, आणि शब्दहि नवा. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि १९५७ सालीं तें केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. महागड्या साधनांच्या जागीं त्यांनीं शिंपले, बिया, पानें व खडे आणले. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरविली. मुलानें शाळेकडे यावें या आग्रहाऐवजीं शाळाच मुलाकडे नेली. वस्तु ओळखीची असली म्हणजे तिचें नवें नांव मूल लवकर उचलतें, ही यांतील मर्माची गोष्ट आहे.

शेवटीं अशा मुलांविषयीं बोलावयाचें, कीं ज्यांचा पहिलीचा वर्ष अर्धाच असतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला निघालेल्या कुटुंबांबरोबर तीं गांव सोडतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. पहिली ते पांचवीसाठीं वर्षांत निदान २०० दिवस व ८०० तास अध्यापन व्हावें असें तो सांगतो. शाळा तेवढे दिवस भरते; फडावर गेलेलें मूल मात्र त्यांत नसतें. हंगामी वसतिगृहांची सोय कांहीं गांवीं होते, पण सहा वर्षांच्या लेकराला मागें ठेवून जाणें कोणत्या आईला सोपें आहे? पहिलींत कोणास नापास करीत नाहींत, आणि तें योग्यच आहे. तथापि त्यामुळें असें मूल काना ठाऊक आणि वेलांटी ठाऊक नाहीं अशा अवस्थेंत दुसरीच्या पुस्तकासमोर बसतें. तेथील शिक्षिकेस तें मागें कोठें थांबलें होतें याची वार्ता नसते, म्हणून ती त्याला एक तर मंद समजते, नाहीं तर पुन्हां 'ग'पासून आरंभ करते. यावर एक साधा उपाय कांहीं शिक्षिका करतात. मूल गांव सोडण्यापूर्वीं अर्ध्या कागदावर त्या तीन ओळी लिहितात: कोणतीं अक्षरें येतात, कोणतीं चिन्हें राहिलीं, आणि मोजणें कितीपर्यंत झालें. एक प्रत शाळेंत ठेवतात, दुसरी पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आंतून चिकटवून मुलाबरोबर देतात. पुस्तक परत आलें नाहीं, तरी शाळेंतली प्रत असते.