फवारणीआधी ताट चिरून पाहा
(जुन्नर येथील बैठकीतील भाषण)



आज बोलायचे आहे ते एका माशीबद्दल. आणे पठारावरचा आणि लोणी-धामणीकडचा शेतकरी ज्वारीवाला; वऱ्हाड-मराठवाड्याकडून आलेले पाहुणे कपाशीवाले. पाऊस दोघांनाही दगा देतो आणि औषधाचे बिल दोघांनाही येते. त्या बिलातला काही भाग आपण आपलीच फुकटची राखण मारण्यासाठी भरतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

ज्वारीत पोंगेमर दिसली की एखादे ताट उभे चिरून पाहा. आत कधी खोडकिड्याची अळी मरून पडलेली असते आणि तिच्याजवळ पांढऱ्या कोषांचा पुंजका असतो, बोंडातून निसटलेल्या कापसाच्या चिमटीएवढा. किडीची अंडी समजून तो चिरडू नका. ते कोष कोटेशिया नावाच्या माशीचे आहेत. ही गांधीलमाशीची लांबची भावंड, पण ज्वारीच्या दाण्याहून लहान, आणि माणसाला चावत नाही. अळीने पोखरलेल्या बोगद्यात ती स्वतः शिरते आणि अळीच्या अंगात तीस-चाळीस अंडी घालते. पिल्ले अळीला आतून खातात आणि बाहेर येऊन कोष विणतात.

या माशीची किंमत आफ्रिकेला विचारा. आपल्याकडचा खोडकिडा १९३० च्या सुमारास तिकडे पोचला. किडा गेला, त्याचा वैरी इकडेच राहिला. साठ वर्षे तिथल्या मका-ज्वारीवाल्यांनी नुकसान सोसले. शेवटी नैरोबीच्या कीटक संस्थेने १९९१ साली ही माशी पाकिस्तानातून नेली आणि १९९३ साली केनियाच्या किनाऱ्यावर सोडली. ती तिथे रुजली. त्यांनी विमानाने नेली ती आपल्या ताटात आपसूक राहते, म्हणून आपल्याला तिचे नावही ठाऊक नाही!

आता कपाशी. बीटी बियाणे २००२ साली आले. ते बोंडअळीसाठी, रस शोषणाऱ्या किडीवर त्याचा इलाज नाही. २००५ नंतर गुजरात, पंजाब आणि आपल्या महाराष्ट्रात पिठ्या ढेकणाने कपाशी पांढरी केली. हा मूळचा अमेरिकेतला. अंगावर मेणाचा थर, त्यामुळे औषध धड लागत नाही. पंपामागून पंप रिकामे झाले. तशात २००८ साली काही शेतांत तपकिरी, टणक झालेले पिठ्ये दिसू लागले, आणि त्यांना बारीक गोल भोके. आतून दोनेक मिलिमीटरची काळी माशी निघाली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मोहम्मद हयात यांनी २००९ साली नवी जात म्हणून तिची नोंद केली आणि डॉ. बंबावाले यांच्यावरून तिला इनॅशियस बंबावालेई हे नाव दिले. पुढे कळले की हीच माशी अमेरिकेत १९१५ सालीच नोंदलेली होती. म्हणजे पिठ्याच्या मागावर ती आपली आपण आली. पपईवरच्या पिठ्यासाठी २०१० साली पोर्तो रिकोतून दुसरी माशी मुद्दाम आणावी लागली होती. कपाशीला तेवढाही खर्च पडला नाही.

अशा माश्यांच्या कित्येक जाती शास्त्रज्ञांना दोन-चार नमुन्यांवरूनच ठाऊक आहेत. त्यांना दुर्मिळ म्हणतात. माझ्या मते दुर्मिळ आहे तो पाहणारा. आपल्या भीमाशंकरच्या रानापासून आणे पठारापर्यंत बांधाबांधावर बसून कोणी पाहिले आहे?

दुकानदार पिठ्या दाखवून औषध देतो. तपकिरी पिठ्या किती, हे तो विचारत नाही. ते आपण मोजायचे. निम्म्याहून जास्त तपकिरी असतील तर मी तरी पंप खाली ठेवीन. सगळे पांढरेच असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा माशीच्या भरवशावर पीक सोडा असे मी सांगणार नाही. पण तेव्हाही लागलेल्या झाडांवरच मारा, सरसकट नको.

बांधावरच्या गाजरगवतावरही हा पिठ्या असतो. ते उपटताना तपकिरी पिठ्ये असलेल्या फांद्या वेगळ्या काढा. काचेच्या बाटलीत घाला, तोंडाला मलमलीचे फडके बांधा आणि सावलीत ठेवा. आठ-दहा दिवसांत माश्या निघतील. त्या कपाशीत सोडा आणि रिकामी भोके पडलेले पिठ्ये बाटलीत तसेच ठेवून पुढच्या बैठकीला घेऊन या. ज्वारीवाल्यांनी चिरलेले ताट आणावे.