काचबिंदू : आधी थेंब की आधी शस्त्रक्रिया?

(ग्रामीण आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



वृद्धांची दृष्टी मंदावली की वऱ्हाडातील खेड्यांत 'मोतीबिंदू पिकू द्या, मग पाहू' असे सहज म्हटले जाते. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणूनच येथे विलंब घातक ठरतो.

डोळ्यातील द्रवाचा निचरा नीट झाला नाही की आतील दाब बहुधा वाढतो व दृष्टीचा मज्जातंतू क्षीण होऊ लागतो. वेदना सहसा नसते. प्रथम कडेचे दिसणे जाते, त्यामुळे रुग्णाला पत्ताही लागत नाही.

दाब उतरविणे हाच उपचार. त्यासाठी रोज थेंब घालावेत, की द्रवाला शस्त्रक्रियेने नवी वाट करून द्यावी? आज रूढ असलेली शस्त्रक्रिया केर्न्स यांनी १९६८ साली मांडली. अमेरिकेत ६०७ नव्या रुग्णांच्या तुलनेत (२००१) पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील दृष्टिक्षेत्राची हानी जवळजवळ सारखीच आढळली. रोग पुढे गेलेल्या ४५३ रुग्णांच्या ब्रिटनमधील अभ्यासात (२०२१) दोन वर्षांनी सरासरी दाब शस्त्रक्रियेच्या गटात १२.४, तर थेंबांच्या गटात १५.१ मिलीमीटर होता. जीवनमानात मात्र लक्षणीय फरक नव्हता.

तात्पर्य, रोग आरंभीचा असेल आणि थेंब नियमित पडत असतील, तर औषध पुरेसे ठरू शकते. परंतु पेरणीच्या दिवसांत बाटली संपली, धारणीहून अमरावतीला जाण्यास भाडे नाही, म्हणून महिनाभर थेंब बंद राहिले, तर उपचार कागदावरच राहतो. अशा रुग्णाबाबत, विशेषतः रोग बळावला असल्यास, शस्त्रक्रियेचा विचार लवकर व्हावा. अर्थात तिच्यातही जंतुसंसर्गाचा व मोतीबिंदू वाढण्याचा धोका असतो. नंतरची तपासणी चुकविता येत नाही. काहींना लेसरचा तिसरा मार्गही उपलब्ध असतो. निर्णय नेत्रतज्ज्ञाचाच.

गावाचे कर्तव्य त्याआधी सुरू होते. चाळिशीनंतर प्रत्येकाने, आणि रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी व मुलांनी तर अगत्याने, डोळ्यांचा दाब व मज्जातंतू तपासून घ्यावा. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे त्यासाठी जाता येईल. डॉक्टरांच्या सल्ल्याविना स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ वापरल्याने दाब वाढू शकतो, हे शिक्षकांनी पालकांना सांगावे. थेंब कोणाचे बंद पडले, याची विचारपूस पंचायत सदस्यांनी करावी. उरलेली दृष्टी राखणे हेच काचबिंदूवरील उपचाराचे यश आहे.