मान म्हणजे कामाचा वाटा
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



भाद्रपद व आश्विन या दोन महिन्यांतील आपल्या गावचे सण आणि आपले कर्तव्य या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषय घरचा आहे, आणि घरच्या विषयावर बोलणे सर्वांत अवघड. मोदकाची उकड कशी काढावी हे या सभेत आम्ही सांगू लागलो, तर समोर बसलेल्या भगिनी हसतील. म्हणून सणांचे कोडकौतुक न करता, त्या सणांच्या पोटात जी व्यवस्था आहे तिच्याकडे आपले लक्ष वेधावे आणि ती आज कोठे खिळखिळी झाली आहे ते सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे.

आपला मुलूख म्हणजे दक्षिण कोकण. सिंधुदुर्ग हा निराळा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वी हा सारा टापू रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. येथील मुख्य पीक भात. ज्येष्ठ-आषाढात लावणी उरकते, श्रावणात बेणणी होते, आणि भाद्रपद लागला म्हणजे शेतकऱ्याच्या हाताला थोडी उसंत मिळते. हळवे भात पोटरीला येऊ लागते, ओहोळ निवळतात, डोंगर तेरड्याने रंगून जातात. सर्वांत मोठा सण नेमका या वेळी यावा, यात आपल्या पूर्वजांचा शेतीचा अनुभव दिसतो. कापणीचे दिवस सुरू होण्यापूर्वी माणसांनी एकत्र यावे, रुसवेफुगवे मिटवावे आणि मग एकदिलाने खळ्यावर उतरावे, असा हा क्रम आहे.

तिथी चंद्राची आणि पीक सूर्याचे, असा मात्र एक पेच त्यात आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. ही तफावत अधिक मास भरून काढतो. म्हणून गणेशचतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला आली, तर २०२५ साली २७ ऑगस्टलाच येऊन गेली. भात मात्र पंचांग पाहत नाही. त्यामुळे एखाद्या वर्षी दसऱ्याला दारावर बांधायची लोंबी पिवळी असते, तर एखाद्या वर्षी हिरवीच तोडावी लागते. आपले वडील या पेचाने कधी अडले नाहीत. हिरवी मिळाली तर हिरवी बांधली. रूढीचा हेतू सांभाळून तिचा तपशील काळाप्रमाणे वळवून घेण्याची ही रीत आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता भाद्रपदाकडे वळू. गणपतीची तयारी चतुर्थीपूर्वी कितीतरी दिवस सुरू होते. घरचा पाट मूर्तिकाराच्या शाळेत नेऊन द्यायचा आणि त्याच पाटावर मूर्ती घडवून घ्यायची, ही आपल्याकडील चाल. पाट पोचला की घरात गणपती येणार हे ठरले. त्यानंतर माटवी. गोमंतकात तिलाच माटोळी म्हणतात. मूर्तीच्या माथ्यावर टांगलेल्या त्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, तवसे, चिबूड आणि आंब्याचे टाळ बांधतात. शिवाय रानातून आणलेली कवंडळे, हरणे, शेरवड असतात. ही माटवी म्हणजे आपल्या रानाची आणि परसाची जणू वहीच होय. आजोबांबरोबर डोंगरावर गेलेल्या मुलाला कोणती वेल कोठे चढते, कोणते फळ खाण्याचे व कोणते केवळ शोभेचे, हे पुस्तकावाचून कळत असे. आज काही डोंगर काजू-रबराच्या लागवडीखाली गेले, आणि पुष्कळ घरांची मुले चतुर्थीच्या आदल्या रात्री गावी उतरतात. माटवीचे सामान बाजारातून विकत येते. सामान मिळते, ओळख मिळत नाही.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, हाताने लावलेल्या भाज्यांवरच भागवायचे. वर्षभर राबलेल्या जनावराची एवढी आठवण ठेवणारा समाज माणसाच्या कष्टाची आठवण किती ठेवतो, हा प्रश्न आम्ही जाताजाता विचारून ठेवतो. मग अनुराधा नक्षत्रावर गौर येते, ज्येष्ठा नक्षत्रावर तिची पूजा होते आणि मूळ नक्षत्रावर ती जाते. आपल्याकडे तेरड्याची गौर पाणवठ्यावरून वाजतगाजत आणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, सुपे भरून ओवसा होतो, रात्र फुगड्यांनी जागते. पुरुषांची भजने घरोघर फिरतात. ज्या घरी भजन, त्या घरी उसळ आणि करंज्या ठरलेल्या.

यानंतरचा वद्य पक्ष पितरांचा. त्यास आपण म्हाळ म्हणतो. आज तुमच्या घरी आम्ही जेवायचे, उद्या आमच्या घरी तुम्ही. मेलेल्यांच्या नावाने जिवंतांची पंगत बसते आणि वर्षभर न बोललेले शेजारी एका ओळीत पानावर येतात. मग आश्विन उजाडतो. घट बसतात. हस्ताचा पाऊस गडगडून जातो. दसऱ्याला ग्रामदेवतेची तरंगे वस्त्रे नेसून देवळाबाहेर निघतात. काही गावांत आपट्याशी देवाचे लग्न लागते. लोक सोने लुटतात. नव्या भाताच्या लोंब्या, नाचणी, वरी, कुरडूची फुले आणि आंब्याचे पान यांचे नवे दारावर बांधतात. कोजागरीची पौर्णिमा हीच नवान्नाची पौर्णिमा. तेथे हे चक्र पुरे होते.

या साऱ्या सोहळ्यांत एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. यांतील एकही सण एका ज्ञातीला एकटीने करता येणार नाही. मूर्ती एकाने घडवायची, सूप दुसऱ्याने विणायचे, ढोल तिसऱ्याने वाजवायचा, देऊळ गुरवाने झाडायचे, गाऱ्हाणे ज्याचा अधिकार त्याने घालायचे. प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या या कामालाच आपल्या गावात 'मान' हा शब्द आहे. शब्द मोठा सुंदर आहे. काम आणि आदर यांत त्याने अंतर ठेवले नाही.

परंतु खेदाने म्हणावे लागते की, या शब्दातील काम गळाले आणि अहंता तेवढी उरली. प्रथम कोणी उभे राहावे, नारळ कोणाला आधी मिळावा, तरंगाला खांदा कोणी द्यावा, यावरून भावाभावांत आणि ज्ञातीज्ञातींत तंटे माजतात. काही गावांत हे तंटे इतके विकोपाला जातात की, उत्सवच बंद ठेवावा लागतो आणि देवाची तारीख कचेरीत पडते. वर्षभर देवळाकडे न फिरकणारा मनुष्य मानाच्या दिवशी मात्र पहिल्या रांगेत हवा असतो. ज्याने पावसाळ्यात देवळाचे कौल परतले नाहीत, वाट बेणली नाही, समईत तेल घातले नाही, त्याचा मान कसला?

याहून कटू गोष्ट अशी की, ज्यांनी वाद्ये वाजविली आणि गावाची पडेल ती कामे केली, त्यांपैकी अनेकांना आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या पायरीच्या खाली उभे केले. त्यांच्या वाट्याला काम आले. आदर आला नाही. हा अन्याय ओळखणारी माणसेही याच कोकणात निपजली. रत्नागिरीचे पतितपावन मंदिर दानशूर भागोजीशेठ कीर यांनी बांधले आणि १९३१ साली ते सर्व हिंदूंना खुले झाले. राज्यघटनेने १९५० पासून अस्पृश्यता कायद्याने नष्ट केली. तेव्हा ज्ञातिसंघाच्या व्यासपीठावरून आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो की, आपल्या ज्ञातीचा अभिमान इतरांच्या उणेपणावर उभा राहणार असेल, तर असला अभिमान आपल्याला नको.

दुसरा प्रश्न घराचा. आपल्या बहुतेक कुळांत मूळ घरी एकच गणपती असतो. चुली वेगळ्या झाल्या तरी गणपती वेगळा झालेला नाही. दरवर्षी एकेका भावाची पाळी असते. ही पाळीच पुष्कळ घराण्यांचा शेवटचा धागा होऊन राहिली आहे. चाकरमानी मुंबईत, पुण्यात, परदेशांत विखुरले. एके काळी पावसाळा सरेपर्यंत बोटींचा मार्ग बंद असे. १९४८ साली राज्यात एस. टी. सुरू झाली, १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे मुंबईपासून सलग धावू लागली. वाट सोपी झाली, तशी घरे मात्र अधिकाधिक कुलपात गेली. चतुर्थीला दार उघडते, पाचव्या किंवा सातव्या दिवशी पुन्हा कुलूप लागते. उरलेले वर्षभर घराची देखरेख गावी राहिलेला एखादा भाऊ किंवा वृद्ध वहिनी करते. पाळीच्या वर्षी खर्चाचा हिशेब रुपयांत होतो. परंतु त्या वहिनीने सारवलेल्या अंगणाचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा? मुंबईकर भाऊ पैसे देतो म्हणून त्याचा शब्द मोठा, आणि गावकर भाऊ राबतो म्हणून तो केवळ राखणदार, ही समजूत ज्या घरात शिरली, त्या घरातील गणपती लवकरच दोन होतात. आम्ही असे म्हणतो की, पाळी हाही मानच आहे. आणि मान म्हणजे कामाचा वाटा.

तिसरी गोष्ट भगिनींची. गौरीच्या दिवशी घरातील पुरण-वरण, घावन-घाटले जिच्या हातचे असते, ती विधवा असेल तर ओवशाच्या वेळी तिने आत बसावे, अशी रीत अद्याप काही घरांत चालते. गौर ही माहेरवाशीण. माहेरी आलेल्या लेकीने आपल्या बहिणीला कोपऱ्यात बसलेली पाहावे काय? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याचे अनुकरण इतर ग्रामपंचायतींनी करावे असे राज्य शासनानेही त्याच महिन्यात कळविले. एक ग्रामपंचायत जे करते, ते आपल्या संघाला अवघड का वाटावे? हिरवी लोंबी बांधून ज्यांनी नवे साजरे केले, त्यांचेच आपण वंशज आहोत. रूढीचा हेतू सौभाग्याचे चिंतन हा असेल, तर घरासाठी झिजलेल्या स्त्रीच्या हातून ते अधिकच पवित्र होईल.

तेव्हा केवळ उपदेश करून न थांबता आम्ही सभेपुढे चार सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक कुळाने पाळीची वही ठेवावी; तीत पैशाबरोबर श्रमही लिहावे, आणि गावी राहून घर सांभाळणाऱ्याची पाळी खर्चातून वगळावी. दुसरी, येत्या गौरीला आपल्या घरांतील विधवा भगिनींना हळदकुंकू व ओवसा यांचा मान द्यावा, आणि याचा आरंभ संघाच्या पदाधिकाऱ्यांच्या घरापासून व्हावा. तिसरी, मूर्ती शाडूची किंवा मातीची आणावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली होती; ज्या ओहोळाचे पाणी आपण पितो त्यात न विरघळणारा देव सोडणे ही भक्ती नव्हे. चौथी, मानपानाचा वाद कोर्टकचेरीत जाण्यापूर्वी गावातील सर्व ज्ञातींच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून मिटवावा, आणि त्या बैठकीचे पहिले निमंत्रण आपल्याकडून जावे. निमंत्रण देणारा लहान होत नाही.

बंधूंनो, दारावर बांधलेले नवे आपण वर्षभर काढीत नाही. दाणे सुकतात, पाखरे टिपून नेतात, काडी तेवढी राहते. आणि पुढच्या दसऱ्याला तिच्याच जागी नवी लोंबी बांधली जाते. जुने नव्याला जागा करून देते, परंतु दार तेच राहते. ते दार उघडे ठेवणे आपल्या सर्वांच्या हाती आहे.