गोळ्या फुकट, पण दिवस?

आजचा भाग जरा वेगळा आहे. आज पाहुणा नाही, मीच बोलणार आहे, तेही माझ्या एका चुकीबद्दल.

मी फार्मसीला आहे, दुसरं वर्ष. या सुट्टीत मी आंबीत एका मोफत दवाखान्यात इंटर्नशिप केली. आंबी म्हणजे तळेगाव दाभाडेजवळचं, इंद्रायणीकाठचं गाव. एकीकडे एमआयडीसी, दुसरीकडे भाताची खाचरं. दवाखाना आठवड्यातून दोनदा, सकाळी दहा ते एक. माझं काम साधं होतं : केसपेपर काढायचा, बीपी मोजायचं, गोळ्या द्यायच्या आणि कधी घ्यायच्या ते समजावून सांगायचं.

सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पेशंट आला की लगेच पट्टा बांधू नकोस. पाच मिनिटं टेकून बसू दे. हात छातीच्या उंचीला ठेव, आणि मोजताना गप्पा नकोत." चालत आलेल्या माणसाचं बीपी लगेच मोजलं तर ते जास्तच येतं ना!

जूनच्या शेवटी एक आजी आल्या. बीपी १७८/१०४. रजिस्टर बघितलं तर दीड महिना त्या आल्याच नव्हत्या. गोळ्या कधीच संपलेल्या. मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले, "आजी, सगळं मोफत आहे ना इथे? मग यायला काय होतं?"

आजी शांतपणे म्हणाल्या, "अगं पोरी, गोळ्या फुकट हायेत. माझा दिस फुकट हाय का?"

आवणी सुरू झाली होती. आजी दुसऱ्यांच्या खाचरात रोजाने जायच्या. दहा ते एक दवाखान्यात बसायचं म्हणजे त्या दिवसाचा रोज गेला. आणि डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग त्यांना वाटलं, बरं झालं असेल. बीपीची गंमत हीच आहे. ते वाढलेलं बऱ्याचदा कळतच नाही. गोळी मनाने बंद केली की ते परत चढतं आणि आतल्या आत हृदयावर, मेंदूवर, किडनीवर ताण येत राहतो.

मला इतकी लाज वाटली! मी डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "यायचे थांबलेत त्या सगळ्यांची यादी काढ आणि फोन कर. पण 'का आला नाहीत' असं विचारू नकोस. 'कधी जमेल' असं विचार."

यादी दोन पानं भरली. कुणाची कंपनीत फर्स्ट शिफ्ट, कंत्राटी काम, सुट्टी घेतली की पगार कापला. कुणाला घेऊन यायला घरी माणूस नाही. आळस म्हणावा असं कारण क्वचितच निघालं.

मग दोन गोष्टी बदलल्या. एक दिवस दवाखाना संध्याकाळी ठेवला. आणि ज्यांचं बीपी आटोक्यात आहे, त्यांना पंधरा दिवसांऐवजी महिन्याच्या गोळ्या. बस्, एवढंच. सगळे परत आले का? नाही. काहींनी फोनच उचलला नाही. पण आजी आल्या, चिखलाच्या पायांनी, आवणीवरून थेट. त्यांना आधी पाच मिनिटं बसवलं. १४६/८८.

नंतर मी जामखेडबद्दल वाचलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना, ज्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. म्हणजे आरोग्यसेवा गावातच, शेजारच्या घरात. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जे मला आजींनी एका वाक्यात सांगितलं, ते जामखेडला पन्नास वर्षांपूर्वीच उमगलं होतं.

तर आज एक काम करा. घरात कुणाला बीपीची गोळी असेल, तर पाकीट बघा, किती उरल्यात. संपल्या असतील तर ओरडू नका. "कधी जाऊया?" असं विचारा, आणि सोबत जा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!