कशाचंच नसलेलं चित्र

आजच्या गप्पांसाठी एक कोरा कागद आणि पेन्सिल जवळ घेऊन बसा. गाडी चालवत असाल तर नुसतं ऐका, घरी गेल्यावर करता येईल. पेन्सिल कुठलीही चालेल. इथे शाळेच्या सामानात येते ती पिवळी ‘नंबर टू’ म्हणजे आपली एचबीच. जमलं तर सोबत एक फोर बी घ्या. तिच्यात माती कमी आणि ग्रॅफाइट जास्त, म्हणून ती मऊ असते आणि काळी उठते.

हा विषय आमच्या घरातच निघाला. मुलगी नऊ वर्षांची. पाच-सहा वर्षांची असताना ती पाकिटांच्या पाठीवर, वाणसामानाच्या यादीवर, कुठेही चित्रं काढायची. गेल्या वर्षी ते हळूहळू बंद झालं. विचारलं तर म्हणाली, “आई, माझा घोडा घोड्यासारखा येतच नाही.” कागद बघितला तर खोडून खोडून भोक पडलेलं. यात आमचाही हात होता. रविवारी व्हिडिओ कॉलवर आजी विचारणार, “हे काय काढलंस गं?” शेजारून मी म्हणणार, “हा पाय एवढा बारीक का?” प्रेमानेच. पण मुलाला त्यातून एवढंच कळतं की चित्र म्हणजे परीक्षा.

तुमच्यापैकी बरेच जण तिकडे असताना एलिमेंटरी, इंटरमीजिएटला बसले असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती. मला इंटरमीजिएटला सी श्रेणी मिळाली आणि त्यानंतर वीस वर्षं मी पेन्सिलला हात लावला नाही. संकल्पचित्र मला आवडायचं, कारण ते कशासारखं दिसतंय हे कोणी विचारत नसे. घोळ व्हायचा तो तांब्याच्या सावलीत. आकार सांभाळायचा, रेषा सांभाळायची आणि छटाही सांभाळायची, तिन्ही एकदम. गाणं शिकणाऱ्याला आपण पहिल्याच दिवशी मैफलीत बसवत नाही, आधी पलटे घोटून घेतो. मग चित्रातही आकार थोडे दिवस बाजूला ठेवून नुसती रेषा आणि नुसती छटा का घोटू नये?

तर सुरुवात करू. कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक रेषा काढा, पट्टी न घेता, सावकाश. मनगट फिरवू नका, कोपर आणि खांद्यातून हात न्या. नजर पेन्सिलीच्या टोकावर नको, जिथे पोहोचायचं आहे तिथे ठेवा. आता तिच्या खाली दुसरी, अगदी जवळ, पण न चिकटता. अशा वीस. मधेच एखादी रेषा डुगडुगली तर खोडू नका, खालच्या रेषेलाही तसंच वळण द्या. दहाव्या रेषेपर्यंत त्या डुगडुगीची टेकडी झालेली असते. मुलांना हे फार आवडतं. खोडरबर त्या दिवशी मी लपवूनच ठेवला होता.

आता छटा. शेजारी शेजारी पाच चौकोन आखा. पहिला कोरा. दुसऱ्यात फक्त उभ्या रेषा. तिसऱ्यात उभ्या आणि त्यावर आडव्या. चौथ्यात शिवाय एका बाजूला तिरक्या, पाचव्यात दोन्ही बाजूंना तिरक्या. पेन्सिल दाबायची नाही, रेषांमधलं अंतर सारखं ठेवायचं. डोळे बारीक करून बघा, पांढऱ्यापासून करड्यापर्यंत जिना तयार होतो. काळं करायला जोर लागत नाही, रेषा वाढवल्या की पुरतं. हे समजल्यावर मुलगी म्हणाली, “मग मी उगाच एवढं दाबत होते.”

या चार दिशांच्या रेषांवर एका अमेरिकन चित्रकाराने कितीतरी वर्षं काम केलं. त्याचं नाव सॉल लेविट. उभी, आडवी, डावी तिरकी, उजवी तिरकी. एकेकटी घेतली तर चार प्रकार, दोन-दोन घेतल्या तर सहा, तीन-तीन घेतल्या तर चार, सगळ्या मिळून एक, म्हणजे एकूण पंधरा. मुलांना गणित म्हणूनही घालायला हरकत नाही. १९६८ पासून लेविट थेट भिंतींवर चित्रं करू लागला. तो सूचना लिहून द्यायचा आणि पुष्कळदा दुसरेच लोक त्या वाचून चित्र काढायचे.

मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ अ‍ॅडम्स या गावी मास मोका नावाचं संग्रहालय आहे. तिथे २००८ पासून त्याची १०५ भित्तिचित्रं एका तीन मजली इमारतीत मांडली आहेत. ती उघडली त्याच्या आदल्या वर्षीच लेविट गेला होता. भिंतींवर रेषा ओढल्या त्या बऱ्याच चित्रकारांनी आणि विद्यार्थ्यांनी. ही जागा एके काळी कापड छापण्याचा कारखाना होती, पुढे तिथे विजेचे सुटे भाग बनत. गिरणगावात वाढलेल्यांना त्या विटांच्या भिंती आणि उंच खिडक्या ओळखीच्या वाटतील. न्यू जर्सी किंवा बोस्टनकडच्या मंडळींनी एखाद्या लाँग वीकेंडला मुलांना घेऊन जरूर जावं. लांबून नुसती धुक्यासारखी करडी दिसणारी भिंत जवळ गेल्यावर रेषारेषांची होते. मुलगी तिथे मागे-पुढे, मागे-पुढे करत राहिली. शेवटी पहारेकऱ्याने हसून तिला एक पाऊल मागे घ्यायला सांगितलं.

आपल्याकडचं नाव सांगायचं तर नसरीन मोहमदी. जन्म १९३७ चा, कराचीचा. त्या वाढल्या मुंबईत आणि बडोद्याच्या विद्यापीठात त्यांनी शिकवलं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कला मेट ब्रॉयर हे संग्रहालय उघडलं तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत त्यांचं प्रदर्शन होतं. शाई, पेन्सिल आणि ड्राफ्टिंगची उपकरणं, बाकी रंग जवळजवळ नाहीच. पट्टी हातात असली की रेषा सोपी होते असं वाटत असेल तर त्यांची चित्रं बघा. रेषांमधलं अंतर कमी-जास्त होतं आणि कागदावर उजेड सरकताना दिसतो. पुढे मज्जासंस्थेच्या आजाराने शरीर ऐकेनासं झालं, तरी त्या रेषा ओढत राहिल्या. अलिबागजवळच्या किहीमला १९९० मध्ये त्या गेल्या.

शेवटचा खेळ आमच्या घरी सगळ्यात जास्त चालला. पेन्सिल न उचलता कागदभर एक मोठी वेडीवाकडी रेषा फिरवा, स्वतःलाच पाच-सहा वेळा ओलांडणारी. त्यातून कप्पे पडतील. प्रत्येक कप्पा एका कडेला गडद करा आणि दुसऱ्या कडेकडे विरळ करत कोरा सोडा. शेजारच्या कप्प्याची गडद बाजू पहिल्याच्या कोऱ्या बाजूला येऊ द्या. सपाट कागद वळू लागतो, एक पट्टी दुसरीखालून गेल्यासारखी वाटते. करडा रंग पांढऱ्याशेजारी आला की जास्त काळा भासतो, सगळी गंमत त्यातच आहे. पुढे तांब्याची सावली काढायची तर हाच डोळा लागतो.

असा एक कागद तिने आजीला फोनवर दाखवला. आजीने चष्मा लावला. “पडद्याच्या चुण्या काढल्यास वाटतं?” मुलगी म्हणाली, “नाही आजी, हे काहीच नाहीये.” आजी थोडं थांबून म्हणाली, “मग आमची ठिपक्यांची रांगोळी तरी कशाची असते?” आणि अर्धा तास दोघी ठिपके मोजत बसल्या.

घोडा अजून नीट येत नाही. पाय बारीकच आहेत. पण परवाच्या घोड्याच्या पोटाखाली चार दिशांच्या रेषांची छान गडद सावली होती, आणि कागदाला भोक नव्हतं.

तुमच्याकडचे कागद जपून ठेवा, मागे तारीख घाला. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.