आईच्या हातचे वस्त्र

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरविलेल्या घरगुती वस्तूंच्या प्रदर्शनाच्या आरंभी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव म्हटला की मंदिराची कोनशिला केव्हा बसली, घंटा कोठून आली, हे सांगण्याची रीत आहे. तो वृत्तांत या स्मरणिकेत अन्यत्र येईलच. मला आज बोलावयाचे आहे ते या सभागृहातील टेबलांवर मांडलेल्या वस्तूंविषयी. आपल्या लेकरांच्या बारशाला, बाप्तिस्म्याला, पहिल्या वाढदिवसाला किंवा प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी घरी हाताने केलेली जी वस्तू पेटीत जपून ठेवली असेल ती आणावी, अशी विनंती मी गेल्या महिन्यात मिस्सेनंतर केली होती. दहाबारा वस्तू येतील असा माझा कयास होता. तो साफ चुकला. टेबले अपुरी पडली, आणि शेवटी आमच्या जेवणघरातील टेबलही येथे आणावे लागले.

कुंच्या आहेत, अंगडी-टोपडी आहेत, पाळण्यावर टांगावयाच्या कापडी चिमण्या आहेत. एका कुटुंबाने तर जुने घर पाडताना दाराच्या चौकटीची फळीच काढून ठेवली होती, ती आणली आहे. तिच्यावर चार भावंडांच्या उंचीच्या रेघा खिळ्याने कोरलेल्या आहेत. सर्वच वस्तू सुबक आहेत असे नाही. काही कुंच्यांचे काठ वाकडे आहेत, आणि एका सशाला मी आरंभी गाढव समजलो होतो. त्याच्या निर्मातीची मी येथे जाहीर क्षमा मागतो.

खिडकीपाशी ठेवलेली लहान गोधडी मात्र आपण अवश्य पाहावी. गोधडी कशी होते हे आपल्या माताभगिनींना मी काय सांगावे? वर चांगले लुगडे, आत विरलेल्या लुगड्यांचे थर, आणि कडेपासून मध्याकडे घालीत नेलेले दोरे. जे कापड शेकडो वेळा धुतले गेले तेच नवजात बालकाच्या अंगाला सोसते. नवे कापड टोचते. ही गोधडी घेऊन आलेल्या आजीबाई मला म्हणाल्या, “फादर, हिच्या पोटात ह्यांचं धोतर हाय. नातवानं आजोबाला पाह्यलं नाही, पण निजला त्यांच्याच धोतरावर.” यावर मला काही बोलता आले नाही.

पवित्र शास्त्रातील हन्नेची कथा आपणांस ठाऊक आहे. नवसाने झालेला पुत्र शमुवेल दूध तुटताच तिने शिलो येथील मंदिरात एली याजकाच्या स्वाधीन केला. आणि पुढे वार्षिक यज्ञासाठी ती पतीसह तेथे जाई तेव्हा दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेई. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात हे एकाच वाक्यात येऊन जाते. सेमिनरीत असताना त्या वाक्यावरून मी कितीदा तरी पुढे गेलो असेन. पण शिवणकाम जाणणाऱ्या स्त्रीने ते वाचले तर ती थांबेल. मूल डोळ्यांसमोर नाही. वर्षापूर्वीचे माप तेवढे आठवणीत आहे. तो किती वाढला असेल? बाही किती लांब ठेवावी? हन्नेला हे सारे अदमासाने करावे लागले असणार. मुलाचे एकेक वर्ष तिने कापडावर मोजले.

आता मला एक कबुली द्यावयाची आहे. येथे येण्यापूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो तेथे एका वर्षी प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलामुलींसाठी मी नियम केला की, सर्वांचा पोशाख एकाच दुकानातून, एकाच नमुन्याचा घ्यावा. छायाचित्र चांगले यावे, आणि गरीब-श्रीमंत असा भेद दिसू नये, ही माझी दोन कारणे. दुसरे कारण मला फार उदात्त वाटत होते. एक माता आपल्या लग्नातील पांढऱ्या साडीचा शिवलेला झगा घेऊन मजकडे आली. “फादर, ही साडी मी एकदाच नेसले. लेकीच्या अंगावर पुन्हा वेदीपुढे जावी असं वाटलं,” असे ती म्हणाली. मी उत्तर दिले, “बाई, नियम सर्वांना सारखा.” ती निमूटपणे गेली. ठरलेल्या दिवशी तिची मुलगी दुकानातील झगा घालून आली. छायाचित्र उत्तम आले. त्या झग्याचे पैसे उसने आणलेले होते, हे मला पुष्कळ दिवसांनी दुसऱ्याच कोणाकडून कळले. भेद दिसू नये म्हणून मी केलेल्या नियमाने त्या घराला कर्ज झाले होते.

वस्तुतः ख्रिस्तसभेने असे काहीच मागितलेले नाही. संत दहावे पायस यांनी १९१० साली आज्ञापत्र काढून, सुमारे सातव्या वर्षी समज येताच मुलांना ख्रिस्तप्रसाद द्यावा असे ठरविले. तत्पूर्वी मुलांना बहुधा दहाबारा वर्षांचे होईपर्यंत थांबावे लागे. वेदीचा मार्ग बालकांना जवळचा व्हावा हा त्यांचा हेतू होता, आणि मी त्या मार्गावर दुकान उभे केले. बालकांच्या बाप्तिस्म्याचा जो विधी १९६९ साली सुधारून प्रसिद्ध झाला, त्यात तर शुभ्र वस्त्र कुटुंबानेच आणावे हे इष्ट, अशी सूचना आहे.

याचा अर्थ विकत आणणे हे पाप, असा कोणी घेऊ नये. सातपूरच्या किंवा अंबडच्या कारखान्यात दुसरी पाळी करून जी माता रात्री उशिरा घरी येते, तिने कुंची कधी शिवावी? आणि हे काम मातांचेच, असे कोणी सांगितले? नाताळची गव्हाणी आणि चांदणी ही पित्यांनी मुलांना मांडीशी घेऊन करावयाची कामे होत. कामट्यांच्या दोन पंचकोनी चांदण्या टोकांना बांधाव्या, मध्ये आडव्या काड्या घालून त्यांची पोटे फुगवावी, वर खळीने पतंगी कागद चिकटवावा. नऊदहा दिवस आधी डब्यात गहू पेरले की गव्हाणीपुढे हिरवे शेत तयार होते. नवरात्रात आपले शेजारी घटात धान्य पेरतात, तेव्हा ही विद्या आपल्या भागात कोणाला शिकविण्याची गरज नाही. छपरासाठी तर आपल्या नाशिककरांइतके भाग्यवान कोणी नाही. ऑक्टोबरच्या छाटणीत पडलेल्या द्राक्षाच्या काड्या डिसेंबरपर्यंत चांगल्या वाळतात. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्यो गावी गव्हाणीचा देखावा केला तेव्हा तेथेही गवत, बैल आणि गाढव यांवाचून अधिक सामग्री नव्हती.

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेस आपण दरवर्षी फेब्रुवारीत जातो. ज्या प्राग नगरीतून ही भक्ती जगभर पसरली, तेथील मूर्ती १६२८ साली राजकन्या पोलिक्सेना यांनी कार्मेलवासी संन्याशांना दिली. त्या मूर्तीला निरनिराळे झगे घालण्याची प्रथा आहे, आणि त्यांतील एक सम्राज्ञी मारिया थेरेसा यांनी स्वहस्ते शिवला अशी परंपरा आहे. राजवाड्यात शिंप्यांची काय वाण असणार?

ज्या मातेला मी परत पाठविले, तिला मी या प्रदर्शनाच्या निमित्ताने पत्र लिहिले. मुलगी आता संसाराला लागली आहे. आठवड्याभरात टपालाने एक पुडके आले. आत चिठ्ठी नव्हती, नुसता झगा होता, कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळलेला. तो तिसऱ्या टेबलावर मध्यभागी ठेवला आहे. गळ्याभोवती बारीक पांढरे भरतकाम आहे. कमरेपाशी शिवणीत दोन बोटे कापड राखून ठेवले आहे, पुढे मूल वाढले तर उसवून मोठा करता यावा म्हणून. ज्या मुलीसाठी तो शिवला, तिने तो एकदाही घातलेला नाही.

प्रदर्शन रविवारी सायंकाळपर्यंत खुले राहील. गोधड्यांना हात लावून पाहण्यास हरकत नाही, कागदी चांदण्यांना मात्र मुलांनी लावू नये. ज्याने त्याने आपली वस्तू सोमवारी सकाळी ओळखून घेऊन जावी. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गाची नावनोंदणी त्याच वेळी धर्मगुरुनिवासात होईल. पोशाख पांढरा आणि स्वच्छ असावा, एवढाच नियम राहील.